बॉयलर बसला की बैल जोडायचे : बडोद्यात बनलेल्या एका पत्त्यांच्या खेळाचं प्रकरण

आमच्या खेळातून सगळ्यात आधी बाहेर पडली मामी, अकराव्या मिनिटाला, आणि उठून सरळ कुकर लावायला गेली. आम्ही बाकीचे तिघं पुढे चाळीस मिनिटं खेळत बसलो, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरण फोडणीला पडलं, तरी डाव संपेना. मामीने आतूनच विचारलं, "झालं का रे तुमचं भांडण?" तेव्हा मला कळलं की खेळात काहीतरी मुळातच चुकतंय, पण काय ते कळायला पुढे सात-आठ महिने गेले. ते सात-आठ महिने कसे गेले ते सविस्तर लिहितेय, कारण असा खेळ बनवायला बसलेला प्रत्येक जण बहुतेक याच खड्ड्यात पडतो.

आधी थोडं मागचं. मी दिवसा अकाउंट्सचं काम करते, मावसभाऊ फाइन आर्ट्सला होता, चित्र तो काढतो आणि नियम मी लिहिते. आम्हाला स्टीमपंक आवडतं, म्हणजे वाफेवरच जग पुढे गेलं असतं तर कसं दिसलं असतं ती कल्पना, पितळी नळ्या, चावीची माणसं, हवेत तरंगणारी जहाजं वगैरे. शब्द तसा अलीकडचा, १९८७ मध्ये एका अमेरिकन लेखकाने सायबरपंकच्या (म्हणजे संगणकी भविष्याच्या कथांच्या) चालीवर थोडा गमतीतच काढलेला, पण त्यातलं जग मात्र जवळजवळ नेहमी व्हिक्टोरियन लंडनचं. आम्हीही तेच केलं. धुकं, उंच टोप्या, गॉगल. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात जमिनीवर सतरंजी टाकून, मध्ये लीलो चेवडो ठेवून, आम्ही लंडनचे कारखानदार झालो. मामीने पहिलंच पान उचलून विचारलं, "हा टोपीवाला कोण?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो कोणीच नव्हता, टोपी छान दिसत होती म्हणून काढला होता.

खेळाचं नाव 'दाब'. चार भिडू, प्रत्येकाकडे एक बॉयलर, बॉयलरच्या पानावर शून्य ते दहा आकडे आणि बाजूला लावलेली पेपरक्लिप, ती सरकवायची. कोळशाचं पान टाकलं की दाब तीनने वाढतो, पाण्याचं टाकलं की दोनने उतरतो, आणि दाब खर्च करून यंत्रं चालवायची, त्याचे गुण. दाब दहाच्या वर गेला की बॉयलर फुटला, तू बाद. कागदावर हे मस्त वाटत होतं. लोभ आणि भीती दोन्ही आहेत, नियम अर्ध्या पानात मावतात, अजून काय पाहिजे.

पहिली चूक साध्या गणिताची होती आणि ती मी अकाउंट्सवाली असून केली याची अजून लाज वाटते. कॅट चोपन्न पानांचा, त्यात कोळसा नऊ, पाणी नऊ, यंत्रं चोवीस, घटना बारा. सुरुवातीला प्रत्येकाला पाच पानं. आता नऊ कोळशात पाच पानांच्या हातात एकही कोळसा न येण्याची शक्यता काढा, ती येते ३९ टक्के. म्हणजे चौघांत सरासरी दीड माणूस चूल न पेटवताच बसून राहणार! आणि आम्ही मात्र दर वेळी म्हणत होतो की आज पानं नीट पिसली नाहीत. कोळसा पंधरा केला की तीच शक्यता १८ टक्क्यांवर येते, अठरा केला तर १२ वर, पण अठरा कोळशात दाब इतका पटापट चढतो की निर्णय उरतच नाही. पंधरावर थांबलो. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे दहा मिनिटांत निघतं, फक्त काढायला सुचलं पाहिजे.

पण कोळसा वाढवल्याने बाद होण्याचा प्रश्न उलट बिघडला. लोक जास्त लवकर फुटायला लागले.

मग आम्ही एकामागून एक ठिगळं लावली. फुटलं तर बाद न होता सगळी यंत्रं गमवायची, असं केलं. हे तर बाद होण्यापेक्षा वाईट निघालं, कारण आता तो माणूस कुकर लावायलाही जाऊ शकत नाही, हरलेलं तोंड घेऊन शेवटपर्यंत बसतो. मग केलं की फुटलं तर निम्मे गुण जातील. तर सगळे शहाणे झाले, कोणी दाब सहाच्या वर नेईचना, चार माणसं चार थंड बॉयलर घेऊन बसलेली, बँकेच्या रांगेत बसल्यासारखी. मावसभाऊ वैतागून म्हणाला, "याला दाब नाव का ठेवलं, रक्तदाब तरी वाढायला पाहिजे ना कोणाचा."

याच दिवसांत आम्ही लंडन सोडून बडोद्यात आलो. म्हणजे खेळात. मामाच म्हणाले की परक्यांची धुरांडी कशाला काढताय, इथे काय कमी आहे का. आणि खरंच, यादी करायला बसलो तर वही भरली. मल्हारराव महाराजांच्या सोन्याच्या तोफा. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन, जिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायचे आणि जिथे दादासाहेब फाळकेही शिकून गेले. आजव्याच्या तलावातून शहरात आणलेलं पाणी. सयाजीबागेतलं फुलांचं घड्याळ, ज्याची यंत्रं जमिनीखाली दडवलेली आहेत, ते तर जसंच्या तसं स्टीमपंक आहे, आपण रोज शेजारून जातो म्हणून दिसत नाही. घडियाळी पोळ, नावातच घड्याळ. आणि विश्वामित्री नदीतल्या मगरी, त्यांना घटनेच्या पानात जागा मिळालीच पाहिजे होती ('रुळावर मगर, सगळ्यांची एक खेळी वाया', हे पान आलं की लहान मुलं उड्या मारतात).

चित्रं बदलली, पानं देखणी झाली, आणि खेळ तस्साच भंगार राहिला. हे मला मुद्दाम सांगायचंय. टोपीवाल्याच्या जागी पगडीवाला आला म्हणून खेळ बडोद्याचा होत नाही. खाली तेच चार थंड बॉयलर.

मामा आणि लेड प्लग

मामा रेल्वेतून रिटायर झाले. लागले तेव्हा वाफेची इंजिनं होती, क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळणारे. ते इतके दिवस बाजूला पेपर वाचत बसायचे, खेळायचे नाहीत, पत्त्यांत त्यांना फक्त मेंढीकोट कळतं आणि हुकूम नसलेला खेळ म्हणजे पोरखेळ असं त्यांचं ठाम मत. एक दिवस मावसभावाने पानांच्या मागच्या बाजूचं डिझाइन दाखवलं, तीन मोठी दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली, त्रिकोणात. मामांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि हसायला लागले. "अरे हे जाम आहे. फिरणारच नाही." खरंच आहे, दोन चाकं दातात दात घालून असली की एकमेकांच्या उलट फिरतात, मग तिसरं दोघांनाही टेकलेलं असेल तर त्याने फिरायचं कुठल्या बाजूला? तीन काय, असं कडं पाच किंवा सात चाकांचं असलं तरी अडकणारच. आम्ही तीन महिने जाम झालेल्या यंत्राचं चित्र अभिमानाने मिरवत होतो. आता चार चाकं आहेत.

त्याच ओघात त्यांनी नियम वाचले आणि म्हणाले, "बॉयलर असा फुटत नाही गं."

"कसा फुटतो मग मामा?"

मग ते अर्धा तास बोलले आणि मी लिहून घेत राहिले. दाब वाढला तर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, तो उघडतो, वाफ फुसकन बाहेर जाते, कोळसा वाया, पाणी वाया, ड्रायव्हर शिव्या देतो, पण फुटत नाही. भीती असते पाण्याची. भट्टीच्या वरच्या पत्र्यावर कायम पाणी पाहिजे, ते पाणी पत्र्याला थंड ठेवतं, पाणी खाली गेलं आणि पत्रा उघडा पडला की तो लाल होतो, मऊ पडतो, आणि मग आतला दाब त्याला फाडतो. आणि आत उकळत्या पाण्याचा साठा असतो, दाब सुटला की त्यातलं बरंच एकदम वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. म्हणून त्या पत्र्यात शिशाचा प्लग बसवलेला असतो, लेड प्लग. पत्रा तापला की शिसं आधी वितळतं, भोकातून वाफ आणि पाणी भट्टीत शिरतं, ड्रायव्हरला कळतं आणि आग बसायला लागते. इंजिन वाचलं तर वाचतं, पण गाडी तिथेच उभी. आणि फायरमनची चौकशी. "आमची नजर कोळशावर कमी, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर जास्त," मामा म्हणाले. "कोळसा काय, दिसतोच."

इथे खेळ उलटापालटा झाला. आम्ही भीती चुकीच्या ठिकाणी ठेवली होती. दाब हा सगळ्यांना दिसणारा मोठा आकडा, त्याला लोक घाबरणारच आणि लांब राहणार. आता बॉयलरच्या पानावर दोन मापं आली, दाब शून्य ते दहा आणि पाणी शून्य ते पाच. दाब दहाच्या वर गेला तर फक्त व्हॉल्व्ह उडतो, दाब पाचवर येतो, एक खेळी गेली, चला पुढे. पण वाफेवर केलेल्या प्रत्येक खेळीला पाणी एकने उतरतं, आणि पाणी शून्यावर आलं की लेड प्लग गेला. माणूस दाबाकडे बघत राहतो, यंत्रं ओढायच्या नादात असतो, आणि पाणी संपतं. पहिल्याच डावात मावसभावाचं संपलं, हातात दोन पाण्याची पानं असताना. तो ओरडला त्यावरून मला कळलं की हे चालणार.

तरी मूळ प्रश्न होताच. प्लग गेल्यावर त्या माणसाचं करायचं काय?

बैल

याचं उत्तर आमच्याच रुळांवर पडलेलं होतं आणि तेही मामांनीच दिलं, म्हणजे त्यांना कल्पना नव्हती की ते उत्तर देतायत. बडोद्याजवळच्या डभोई-मियागामच्या छोट्या लाइनबद्दल बोलत होते, अडीच फुटी नॅरोगेज, खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली नॅरोगेज. आणि ती सुरू झाली तेव्हा गाडी ओढायला बैल होते. पुढे विलायतेहून इंजिनं आणली, नील्सन कंपनीची, तर रूळ इतके हलके की इंजिनाचं वजनच झेपेना, परत बैल. मग १८७३ च्या सुमारास जड रूळ घातले तेव्हा वाफेला रस्ता मिळाला.

मी हे शाळेतही ऐकलं असणार, बडोद्यात हे न ऐकलेलं कोणी नाही, पण त्या दिवशी ऐकताना बॉयलरचं पान हातात होतं आणि मी ते नुसतं उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

त्या कोऱ्या बाजूवर आता बैलजोडी आहे. प्लग गेला की बॉयलर उलटायचा, बैल जोडायचे, आणि खेळत राहायचं. बैलांना कोळसा नको, पाण्याचं माप नाही, दाब नाही. दर खेळीला एक घर पुढे, ना कमी ना जास्त. इंजिनवाला दोन दाब खर्चून एक घर जातो, म्हणजे भरलेल्या बॉयलरवर एका झटक्यात पाच घरं, पण पुढे तो कोळशासाठी तोंड बघत बसतो आणि बैलवाला त्याच्या बाजूने टुकुटुकु निघून जातो. हरलेल्या माणसाला करायला काम मिळालं, एवढंच नाही, त्याला जिंकायची आशाही मिळाली, आणि ती आम्ही दया म्हणून दिलेली नव्हती, या रुळांवर खरंच तसं घडलेलं होतं. मला वाटतं फरक तिथे पडला. आधीची ठिगळं शिक्षा कमी-जास्त करण्याची होती. बैल ही शिक्षा नाहीच, तो दुसरा धंदा आहे.

आता खेळाची मांडणी पण बदलली. मधोमध आठ रुळांची ओळ, एका टोकाला मियागाम, दुसऱ्या टोकाला डभोई, आणि यंत्रं नुसती चालवायची नाहीत, ओढून पलीकडे न्यायची. प्रत्येक यंत्राला वजन, एक ते पाच. सोन्याची तोफ अर्थात पाच.

सगळं छान चाललं, दोन आठवडे. मग मामी परत खेळायला बसली.

मामीने पहिल्या तीन खेळ्यांत पाणी मुद्दाम संपवलं. पाण्याची पानं हातात धरून बसली, प्लग वितळवला, बैल जोडले, आणि आरामात सोन्याची तोफ घेऊन डभोईला पोचली. पुढच्या डावातही तेच. तिसऱ्या डावात मावसभावानेही तेच केलं आणि चौथ्या डावात चौघांच्या चार बैलजोड्या, एकही इंजिन नाही. स्टीमपंक खेळात वाफच नाही! मामी म्हणाली, "मग काय, बैल बरे ना, धूर नाही, कटकट नाही." तिचं चूक नव्हतं. खेळात एक वाट दुसरीपेक्षा स्वस्त आणि खात्रीची ठेवली की माणूस तीच धरतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ज्याने वाट ठेवली त्याने बघायचं.

इथेही आम्ही आधी नेहमीचे उपाय केले, बैलांना चाऱ्याचं पान वगैरे, आणि ते बैल कमी आणि हिशोब जास्त झाले. मग परत त्याच गोष्टीकडे गेलो. मुळात इंजिन का चाललं नव्हतं? रूळ हलके म्हणून. मग रुळांच्या पानांनाही दोन बाजू दिल्या. हलक्या रुळावर कोणीही असो, दोनपर्यंतचंच वजन. जड रुळावर इंजिनाला कितीही वजन, बैलांना मात्र तिथेही दोनच. सुरुवातीला आठही रूळ हलके. एक रूळ उलटून जड करायला एक पूर्ण खेळी आणि दोन यंत्रांची पानं भंगारात. (टाकलेल्या पानांच्या गठ्ठ्याला आम्ही भंगार म्हणतो, डिस्कार्ड पाइल म्हटलं की मामी विचारते कुठली फाइल.)

त्यामुळे डावाला आपोआप चढ आला. सुरुवातीला सगळे हलकं सामान नेतात, तेव्हा बैल चांगले, मामी पुढे. हळूहळू रूळ जड होतात, तोफा, मोठे पंप निघतात, तेव्हा इंजिन ज्याने जपलं तो सुटतो. बैलवाल्याला परत वाफेवर यायचं असेल तर एक कोळसा, एक पाणी आणि एक खेळी देऊन बॉयलर पुन्हा उलटायचा, प्लग नवा बसवला असं समजायचं. चार भिडूंचा डाव आता पस्तीस-चाळीस मिनिटांत बसतो आणि कोणी उठून जात नाही, म्हणजे सेव-उसळ आली तर सगळेच उठतात, ते वेगळं.

छपाईचं थोडक्यात. पानाचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर घेतलं, कडेने तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई), अशी बारा बाय अठरा इंची शीटवर अठरा पानं बसतात, म्हणून चोपन्नचा कॅट बरोबर तीन शीटमध्ये. चौथ्या शीटवर चार बॉयलर, आठ रूळ, चार मदतपानं आणि दोन कोरी. प्रेसवाल्याने पहिल्या लॉटला पुढची-मागची बाजू दोन मिलिमीटर सरकवून छापली, आणि मागच्या डिझाइनला आम्ही हौसेने पितळी चौकट काढली होती, त्यामुळे शीटच्या शीट तिरकी दिसायला लागली. त्यात एका शीटवर सगळी कोळशाची पानं आलेली, म्हणजे पाठ बघून कळायचं की समोरच्याच्या हातात कोळसा आहे. मावसभावाने ते दोन दिवसांत ओळखलं आणि आठवडाभर सांगितलं नाही, जिंकत राहिला. आता चौकट काढून टाकली, कडेपर्यंत एकसारखी नक्षी, थोडं सरकलं तरी कळत नाही, आणि कोळसा तिन्ही शीटवर वाटून टाकला. पानांवर अक्षरंही जवळपास नाहीत, शेजारचे गुजराती, आम्ही मराठी, मुलं इंग्लिश मिडीयमची, त्यामुळे थेंब, कोळसा, वजनाचा काटा, बैल, बस.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रूळ जड करायचा खर्च एकाचा आणि फायदा सगळ्या इंजिनवाल्यांचा, त्यामुळे मधल्या टप्प्यात सगळे एकमेकांकडे बघत बसतात, की आधी तू कर. रूळ घालणाऱ्याला टोल द्यायचा असं करून बघितलं, तर प्रत्येक खेळीला सुट्टे पैसे मोजावे लागले, डाव तासावर गेला. सध्या रूळ घालणाऱ्याला एक गुण मिळतो, पण तो कमी पडतो असं माझं म्हणणं, दोन दिले तर लोक ओढाओढी सोडून नुसते रूळच घालतील असं मावसभावाचं. मामांचं म्हणणं वेगळंच, की रूळ घालायचं काम दरबाराचं, भिडूंचं नाहीच, दर तीन फेऱ्यांनी एक रूळ आपोआप जड करा आणि कुठला ते शेवटचा असेल त्याला ठरवू दे. येत्या रविवारी ते करून बघणार आहोत. मामीला विचारलं तर म्हणाली, रूळ कसेही करा, माझी बैलजोडी तेवढी बाजूला काढून ठेवा.